अर्ध्या लांबीचे किरण

चकती बदलली होती, तरी ते शिखर तिथेच उभं होतं.

सकाळची वेळ होती आणि क्ष-किरणांच्या खोलीत यंत्र गार ठेवणाऱ्या पंपाची घरघर तेवढी चालू होती. त्या दिवशी तिने स्वतःचा नमुना लावलाच नव्हता. यंत्र ठीक आहे ना हे पाहायला जी ठरलेली चकती लावतात ती कुणाच्या तरी हातून फुटली होती, म्हणून तिने कपाटातून एक जुनी चकती काढली, स्ट्रॉन्शियम टायटनेटची, पिवळट पांढरी, कुणाच्या तरी प्रबंधातून मागे उरलेली. मोजणी मात्र आदल्या दिवशीची, तिच्या नमुन्यासाठी लावलेली, तशीच राहून गेली होती. ती बदलायचा तिने कंटाळा केला. म्हणून यंत्राचा हात, ज्या कोनात या साध्या पदार्थाचं काहीच काम नव्हतं, त्या कोनातून अगदी सावकाश फिरला, आणि पडद्यावर डावीकडे, जिथे सपाट रेघ यायला हवी होती, तिथे एक बारीक, नीट, निमुळतं शिखर वर आलं. गेलं वर्षभर ती त्याला ओळखत होती. त्याची उंची, त्याचा उजवीकडचा किंचित उतार. झोपेत सांगितलं असतं तरी तिने ते कागदावर काढून दाखवलं असतं. ते तिचं होतं. ते या चकतीत यायचं काही कारण नव्हतं.

ती स्टुलावर बसून राहिली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या आहेत एवढंच तिला जाणवलं. पहिल्यांदा तिने धूळ आठवून पाहिली, मग चकती ठेवायची पट्टी, मग आदल्या दिवशीची भुकटी कुठे चिकटून राहिली असेल का ते. उठून पट्टी पुसली, पुन्हा लावली. शिखर पुन्हा आलं. खरं तर पहिल्यांदा आलं तेव्हाच तिला समजलं होतं. समजलेल्या गोष्टीला दारात थोडा वेळ उभं ठेवतात, तसं ती करत होती.

या पदार्थांचं घर घनाकार असतं. कोपऱ्यांवर एक जातीचे मोठे अणू, बाजूंवर ऑक्सिजन, आणि मध्यभागी एक छोटा धातू. अशी घरं भिंतीला भिंत लावून सगळीकडे. टायटनेटच्या प्रत्येक घरात मध्यभागी टायटेनियमच, त्यामुळे तिथे कुणी कुणाच्या शेजारी बसावं हा प्रश्नच येत नाही. तिच्या पदार्थात मध्यभागी दोन धातू होते, लोखंड आणि क्रोमियम, निम्मे निम्मे. ते कसेही बसले तर प्रत्येकाची लहानशी चुंबकशक्ती शेजाऱ्याच्या उलट जाते आणि सगळ्यांची वजाबाकी होऊन हातात शून्य येतं. पण एका घरात लोखंड, पुढच्यात क्रोमियम, पुन्हा लोखंड, असे एकाआड एक बसले, तर एकाची शक्ती जास्त आणि दुसऱ्याची कमी असल्यामुळे वजाबाकीनंतरही काहीतरी उरतं. आणि कोपऱ्यावरचा बिस्मथ आपली जागा सोडून किंचित एका बाजूला सरकून बसतो. सगळे एकाच बाजूला सरकले की त्या पदार्थाला विजेची दोन टोकं येतात. चुंबक आणि वीज, दोन्ही एका चकतीत. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात," तिचे मार्गदर्शक सर म्हणायचे, "आपण राहून दाखवू." सगळा खेळ त्या एकाआड एकचा. आणि ते बसले आहेत याची खूण म्हणजे ते डावीकडचं शिखर. घरांची जोडी झाली की मोजायचं अंतर दुप्पट होतं, आणि दुप्पट अंतराचं शिखर निम्म्या जागी येतं. एवढंच.

फक्त ते दुसऱ्या एका कारणानेही येतं. नळीतून ठरलेल्या लांबीचे किरण निघतात, आणि त्यांच्या बरोबरीने, लग्नाला आलेल्या आगंतुकांसारखे, बरोबर निम्म्या लांबीचेही थोडे निघतात. साध्या घरावरून ते निम्मे किरण परतले की घर दुप्पट असल्यासारखं दिसतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. तिने शिकवलं होतं. म्हणूनच किरण मोजणाऱ्या यंत्राला एक खिडकी असते. ठरलेल्या शक्तीचे किरण त्यातून आत घ्यायचे, कमी शक्तीचे खाली अडवायचे, जास्त शक्तीचे वर. निम्म्या लांबीचे किरण दुप्पट शक्तीचे, म्हणून ते वर अडतात. ती खिडकी वर्षापूर्वी वर सरकवलेली होती. सरकवली होती तिच्याच सांगण्यावरून. यंत्र सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळी संस्था क्ष-काका म्हणत असे. त्यांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. "मॅडम, तुमचं लोखंड फार बडबड करतंय हो. किरण पडले की स्वतःच चमकतंय. त्या गोंगाटात तुमचं काय ऐकू येणार?" "गप्प बसवता येईल का त्याला?" "खालून खिडकी बंद करतो. वरून जरा सैल सोडतो, म्हणजे तुमचं काही वाया जायला नको." त्यांनी सोडली, गोंगाट थांबला, आणि दुसऱ्या दिवशी शिखर दिसलं. दोघांनी एकमेकांकडे बघून हसून घेतलं होतं. काका तिच्यासाठी चहा घेऊन आले होते.

आणि शिखर जरा जास्तच चांगलं होतं. हे आता, पट्टी पुसून पुन्हा लावताना, तिला नीट आठवलं. मूलद्रव्यांच्या तक्त्यात लोखंड आणि क्रोमियम यांच्यात एकच घर आहे. क्ष-किरणांना ते दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. एकाआड एक बसले तरी त्यांचं शिखर दिसेल न दिसेल असंच असायला हवं. तिचं दिसत होतं. त्या वेळी तिने त्याला स्पष्टीकरण शोधलं, बिस्मथच्या सरकण्याचं, आणि ते स्पष्टीकरण इतकं सुबक होतं की सरांनी व्याख्यानात वापरलं. लोकांनी प्रश्न विचारले होते. तिने उत्तरं दिली होती.

तपासायचं कसं हेही तिला माहीत होतं. नळीचा विद्युतदाब कमी करायचा, इतका कमी की निम्म्या लांबीचे किरण जन्मालाच येणार नाहीत. मग आपला खरा नमुना लावायचा आणि मंद किरणांत बराच वेळ मोजत बसायचं. शिखर राहिलं तर एकाआड एकचा क्रम खरा. तिने तसं केलं नाही. तिने यंत्र बंद केलं, चकती डबीत ठेवली, डबी कपाटात ठेवली, आणि क्ष-काका हात पुसत आत आले तेव्हा म्हणाली, "ठीक आहे यंत्र." "आता तुम्ही चाललात," काका म्हणाले, "आता कोण येणार सकाळी सकाळी त्याची विचारपूस करायला?"

कारण ती चालली होती. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं, तिच्या कामासाठी म्हणजे त्या शिखरासाठी. तिथल्या संचालक बाई फोनवर म्हणाल्या होत्या, क्रम लावता येणारा हात आम्हाला हवा आहे. राहायला आवारातच जागा होती. बाईंनी जागेचं वर्णन करताना जरा संकोच केला. जागा लहान आहे, एकच खोली, स्वयंपाकाचा ओटा बाहेर, पण स्वतंत्र आहे. "दार आहे?" तिने विचारलं होतं, आणि बाई हसल्या होत्या. त्यांना विनोद वाटला.

घरात दार असलेल्या खोल्या दोन होत्या. आतली दादा-वहिनींची. मधली बाबांची, आणि भाची मोठी झाल्यापासून बाबांची आणि भाचीची. बाहेरच्या खोलीत तिचा दिवाण होता. दिवसा त्यावर चादर घालून उशा टेकवल्या की तो बसायचा होई. येणारा प्रत्येक माणूस तिच्या अंथरुणावर बसे. वाणी, विमेवाला, भाचीच्या मैत्रिणी, वरच्या मजल्यावरच्या आजी. रात्री दिवा मालवला तरी कुणी पाणी प्यायला उठलं की तिच्या पायांवरून प्रकाशाची पट्टी जाई. तिचं कुणी वाईट करत नव्हतं. ही गोष्ट ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगे, आणि खरीच होती ती. वहिनी तिच्यासाठी जेवण झाकून ठेवी, उशीर झाला तर दादा कोपऱ्यापर्यंत येऊन उभा राही. ती कपडे न्हाणीघरात बदले. पत्र आलं तर उघडण्याआधी तीन माणसं विचारत, कुणाचं? फोनवर बोलताना ती जिन्यात जाई, आणि परत आल्यावर वहिनी म्हणे, "जिन्यात गार लागतं गं, इथेच बोलत जा की, आम्ही काय परके?" आई गेल्यानंतर बाबांनी एकदाच, कपाटाकडे बघत, विचारलं होतं, "तुला काही कमी नाही ना?" तिने नाही म्हटलं होतं. कमी काही नव्हतंच. जास्त होतं.

बिस्मथ भट्टीत उडून जातो. उष्णता मिळाली की तोच पहिला सुटतो, आणि तो गेला की बाकीची घरं ढासळतात. म्हणून चकती उघडी कधी ठेवत नाहीत. मुशीत, म्हणजे भट्टीत तापवायच्या भांड्यात, तिच्याच मिश्रणाच्या भुकटीत तिला पुरतं पुरायचं, त्यावर दुसरी मोठी मूस पालथी घालायची, फटी बुजवायच्या. भुकटीत बिस्मथ पुरेसा असतो, त्यामुळे चकतीतला बाहेर पडत नाही. तो सगळ्या बाजूंनी आपल्यासारख्यांमध्येच असतो. मग मधल्या उष्णतेवर कित्येक दिवस. फार तापवलं तर धातू कुठेही भटकतात, चटकन थंड केलं तर जिथे असतील तिथे गोठतात. आपली जागा शोधायला त्यांना हलण्यापुरती उष्णता लागते आणि भरपूर वेळ. तिच्या हाताला हे येत असे. मूस बाहेर काढून भुकटीतून चकती उकरताना तिला दरवेळी वाटे की ही बाहेरून काहीच बदललेली नाही. तशीच काळी, तशीच गार.

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा बाहेरच्या खोलीत बाबांची लोखंडी खाट होती.

"सरप्राइज!" दादा म्हणाला. "म्हटलं, तू जायची ती जाशीलच, आधी बसतंय का ते तर बघू." दिवाण सुटा करून गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवला होता. वरच्या मजल्यावरच्या आजींना हवा होता तो. तिची उशी, चादर आणि पुस्तकं एका खोक्यात नीट रचून ठेवली होती, वहिनीच्या हाताने, मोठी खाली आणि छोटी वर. "आत्या," भाची मधल्या खोलीच्या दारातून म्हणाली, "बघ ना." मधल्या खोलीत आता फक्त तिचा पलंग आणि टेबल होतं. टेबल खिडकीखाली ओढलं होतं. भाचीने तिला आत घेतलं आणि दार लावून दाखवलं. लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "आवाज ऐक. येतोय बाहेरचा?" बाहेर दादा आणि बाबा खाटेच्या दिशेवरून वाद घालत होते, ते नीट ऐकू येत होतं. "नाही येत," ती म्हणाली. भाची तिच्या गळ्यात पडली. सोळा वर्षांच्या मुलीचं हृदय किती जोरात धडधडतं हे तिला अंगाला कळलं.

"मग दोन आठवडे मी कुठे झोपू?" जेवताना तिने विचारलं. विचारून झाल्यावर ते गमतीत विचारल्यासारखं दिसावं म्हणून हसली.

"वाटेल तिथे. पाहुणी आता तू," दादा म्हणाला. "पाहुण्याला नकार देता येत नाही आपल्याला."

"पोरीच्या खोलीत गादी घालू," वहिनी म्हणाली. "दोन आठवड्यांचाच तर प्रश्न. मग तिकडे बस दार लावून. पण एक सांगते, आतून कडी लावून बसलीस आणि चक्कर आली तर? बाहेरून कोण उघडणार?"

"कडी नाही लावणार."

"लावशील. मला माहितीये तू लावशील." वहिनीच्या डोळ्यात पाणी आलं आणि ती आमटी वाढायला उठली. "घर खायला उठेल," ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली.

बाबा जेवत राहिले. ते पाणीपुरवठा खात्यात पंप चालवायचे, आयुष्यभर पंपाच्या आवाजात बसले, त्यामुळे त्यांना घरातली बोलणी अर्धीच ऐकू येत आणि उरलेली अर्धी ते ऐकू न आल्यासारखं दाखवत. भाचीच्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर पडून तिने छताकडे पाहिलं. दार बंद होतं. बंद दाराआड ती बऱ्याच वर्षांनी झोपत होती, आणि झोप आली नाही. पदार्थांत असं होतं. एका बाजूने लोखंडापासून मोजणी सुरू होऊन रांग वाढत येते, दुसऱ्या बाजूने क्रोमियमपासून. दोन्ही रांगा आपापल्या जागी निर्दोष. आणि जिथे त्या भेटतात तिथे लोखंडाशेजारी लोखंड येऊन बसतं, कुणाचीच चूक नसताना. घरातल्या सगळ्यांनी तिच्या जाण्याला धरून आपली मोजणी सुरू केली होती. भाचीला खोली, बाबांना बाहेरच्या खोलीतली हवा, आजींना दिवाण. तिच्याकडून मात्र मोजणी त्या डावीकडच्या शिखरापासून सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने तपासलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती भट्टीच्या खोलीत बसून राहिली. तपासलं नव्हतं तोवर दोन्ही शक्यता जिवंत होत्या. कदाचित टायटनेटमध्ये निम्मे किरण दिसले आणि तिच्या नमुन्यात निम्मे किरण अधिक खरा क्रम, असं दोन्ही एकावर एक चढलेलं असेल. असं असूही शकतं, ती स्वतःशी म्हणे, आणि आपल्याच आवाजातली ती विनवणी ऐकून थांबे. ती त्या दुसऱ्या शहरातल्या खोलीचा विचार करी. भिंत, खिडकी, दार. दार लावलेलं. मग ती खोलीत स्वतःला ठेवून पाही, आणि दर वेळी तिच्याबरोबर ते शिखरही आत आलेलं असे. बाई सकाळी विचारतील, आज काय लावलं? आणि तिला रोज ते लावावं लागेल जे कधी लागलंच नव्हतं. खिडकी तशीच सैल ठेवावी लागेल. किंवा तिथलं यंत्र नीट असेल आणि शिखर येणारच नाही, आणि ती म्हणेल, इथलं पाणी वेगळं असेल, भट्टी वेगळी असेल. ती हे किती दिवस म्हणू शकेल याचा अंदाज तिने घेतला. बराच काळ म्हणता येण्यासारखं होतं. लोक म्हणतात. या विचाराने ती अधिक घाबरली.

ज्या दिवशी तिने तपासलं त्या दिवशी ठरवून काही केलं नाही. घरून निघताना भाची अजून झोपलेली होती, दार बंद होतं, आणि वहिनीने त्या दारासमोरून जाताना चपला हातात घेतल्या, आवाज नको म्हणून. तिच्या दिवाणासमोरून कधी कुणी चपला हातात घेऊन गेलं नव्हतं. त्यात कुणाचा राग करण्यासारखं काही नव्हतं. दार नव्हतं, म्हणून सुचलं नव्हतं. प्रयोगशाळेत पोचल्यावर तिने पर्स ठेवली, आपली सगळ्यात चांगली चकती डबीतून काढली, आणि क्ष-काकांना नळीचा दाब कमी करायला सांगितलं.

"इतका खाली? मॅडम, मुंगीच्या पावलानं मोजेल ते. दुपार होईल."

"होऊ दे."

काका तिच्याकडे बघत राहिले. ते या यंत्रासोबत म्हातारे होत आले होते. मग त्यांनी मोजणीच्या खिडकीकडे पाहिलं, वर, जिथे त्यांनी ती सैल सोडली होती, आणि त्यांचा हात बटणावर तसाच राहिला. "मीच सोडली होती," ते म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून."

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मला कळायला हवं होतं, काका. चालू करा."

मंद किरणांत एक एक ठिपका सावकाश पडत होता. तिने पुस्तक आणलं होतं, ते उघडलं नाही. ठिपके कधी वर पडत, कधी खाली, आणि मध्येच चार ठिपके ओळीने वर चढले तेव्हा ती पुढे झुकली. पाचवा खाली पडला. काका एकदा आले, तिच्या खांद्यामागे उभे राहिले आणि गेले. दुपारी यंत्र थांबलं. डावीकडे रेघ सपाट होती. थोडी खरखरीत, सपाट. उजवीकडची मोठी शिखरं आपापल्या जागी होती, घरं होती, बिस्मथ होता, भिंती होत्या. लोखंड आणि क्रोमियम मात्र जत्रेत बसल्यासारखे कसेही बसले होते. इतके दिवस भट्टीत ठेवूनही. आपल्या हाताला येतं असं तिला वाटत होतं ते काय होतं मग? आपण चकत्या उकरून काढताना काय ओळखत होतो? तिने तळहात पाहिले.

सरांच्या खोलीचं दार उघडंच असे. तिने दोन आलेख टेबलावर ठेवले. सरांनी आधी एक पाहिला, मग दुसरा, मग चष्मा काढून पहिला पुन्हा अगदी डोळ्यांजवळ धरला. त्यांना सांगावं लागलं नाही.

"अगदीच नाही?" ते म्हणाले. "थोडंसुद्धा?"

"गोंगाटाच्या वर काही नाही, सर."

"पण चुंबकत्व आहे की. ते तर दुसऱ्या यंत्रावर मोजलंय."

"लोखंडाच्या ऑक्साइडचा कण कुठे राहिला असेल तरी तेवढं येतं. गंजाच्या भावकीतलं काहीतरी."

"येतं. किंवा नाही येत." सरांनी आलेख खाली ठेवला. ते थकलेले दिसले, पण रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. "हे बघ," ते शेवटी म्हणाले, "तू जा. आधी तिकडे रुजू हो. मग सहा महिन्यांनी आपण दोघं मिळून दुरुस्ती छापू. सत्य काय पळून जातंय का कुठे? आणि तुझ्यासारखी भट्टी सांभाळणारी त्यांना मिळणार आहे का? तू त्यांना फसवत नाहीयेस. फक्त आधी जातेयस."

ते हे तिच्यासाठी म्हणत होते. ते एकदा तिच्या घरी आले होते, वडील आजारी असताना, आणि तिच्या दिवाणावर बसले होते, आणि तिने चहाचा कप त्यांच्या हातात देताना त्यांनी खोलीत चहूकडे नजर फिरवली होती. तेव्हा त्यांना जे दिसलं ते ते विसरले नव्हते. "तुला तिथून निघायला हवं," ते आता म्हणाले, अगदी हळू, जणू हा शास्त्राचाच मुद्दा होता.

"हो सर," ती म्हणाली. "दुरुस्ती आताच पाठवू या का?"

त्यांनी चष्मा घातला. "ठेव ते कागद इथे. उद्या बसू," ते म्हणाले, आणि ती दाराशी पोचल्यावर, "तू फोन करणार आहेस त्यांना."

"हो."

तिने तो संस्थेच्या मागच्या जिन्यातून केला. बाईंनी सगळं मध्ये न बोलता ऐकलं.

"कमी दाबाला किती वेळ मोजलंत?"

"सकाळपासून दुपारपर्यंत."

"आणि सपाट."

"सपाट."

"हं." पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारायला आलं, बाईंनी त्याला थांबायला सांगितलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. निदान बरेच दिवस."

"माहीत आहे."

"ही जागा क्रमाच्या कामासाठी मंजूर झाली आहे. ते काम असं उभं राहणार नाही. मी समितीला काय सांगू? नेमणूक थांबवावी लागेल. तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय."

"तुमचं आवरून झालं होतं का?"

या प्रश्नाची तिने तयारी केली नव्हती. "घरच्यांनी आवरलं होतं," ती म्हणाली. बाई म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं, आणि ते खरं वाटलं. फोन ठेवल्यावर ती पायरीवर बसली. जिन्यात खरंच गार लागत होतं.

घरी तिने चपला काढता काढताच सांगितलं, म्हणजे सांगायचं राहणार नाही. यंत्रात चूक निघाली, ते काम खरं नव्हतं, जायचं रद्द झालं. एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग दादाने टाळी वाजवली. "त्या यंत्राचे पाय धरले पाहिजेत!" तो म्हणाला. "मला सांग कुठे आहे ते, मी येऊन धरतो." वहिनी ओल्या हातांनीच येऊन तिच्या गळ्यात पडली, तिच्या पाठीवर पाण्याचे दोन डाग उमटले. "मी म्हणतच होते. मी यांना म्हणत होते, काहीतरी होईल आणि राहील ती. वरच्या आजींना सांगून येते, दिवाण नेऊ नका म्हणावं." "अगं, आधी तिला बसू तरी दे," दादा म्हणाला. बसायला बाबांची खाट होती. सगळे एकदम बोलत होते आणि हसत होते. त्यांचा आनंद इतका निर्मळ होता की तीही हसली. आपला हसण्याचा आवाज तिला ऐकू आला, तो वहिनीच्या आवाजात छान मिसळून गेला होता.

भाची मधल्या खोलीच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "मग तू इथेच?" "इथेच," ती म्हणाली. भाचीने मान हलवली. मग आत गेली, दार लावलं. बाहेर कुणाचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने दार आतून उघडलं, आणि खिडकीखालून टेबल ओढल्याचा आवाज आला, फरशीवरून, जागच्या जागी परत.

"तू राहू दे," ती आत जाऊन म्हणाली. "मी बाहेर झोपेन बाबांबरोबर. तू नको काढू."

"बाहेर दोन मावत नाहीत," भाची टेबलाकडे बघत म्हणाली. "मी मोजलंय."

दादा आणि वहिनी दिवाणाच्या फळ्या आणायला गॅलरीत गेले. बाबा खाटेशी उभे होते. त्यांनी वाकून एक बाजू धरून पाहिली आणि सोडली. "एकट्याला नाही उचलायची ही," ते म्हणाले. तिने दुसरी बाजू धरली. दोघांनी उचलली, तीन पावलं चालले, आणि मधल्या दारात ती अडकली. दोन्ही बाजू चौकटीला लागल्या. बाबा आतल्या बाजूला होते, ती बाहेर. बाबांनी खाट खाली टेकवली. गॅलरीतून फळी पडल्याचा आणि दादाच्या हसण्याचा आवाज आला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, खाटेच्या ताणलेल्या पट्ट्यांवरून, आणि तिच्या लक्षात आलं की त्यांनी सगळं ऐकलं होतं, अर्धं नव्हे.

"तुला जायचं होतं ना गं?"

"हो," ती म्हणाली.

"खूप?"

"हो, बाबा."

"मग कशाला सांगितलंस त्यांना?"

सरांना सांगितलेली, बाईंना सांगितलेली वाक्यं तिच्याजवळ होती, ती बाबांना चालली नसती. चौकटीत धरलेल्या लोखंडी दांड्याचा गारवा तिच्या तळहातांत चढत होता.

"ते तिथे नव्हतंच," ती म्हणाली.

बाबांनी ते ऐकलं. त्यांनी थोडा वेळ मान खाली घातली, पंपाचा आवाज कुठे बिघडलाय ते ऐकताना घालायचे तशी. मग त्यांनी आपल्या बाजूचे पाय पुन्हा धरले.

"तिरकी कर," ते म्हणाले. "तुझ्या बाजूनं. हळू."

तिने केली.